एकवीस नंबरची मेंढी

मेंढी प्रकल्पाच्या मनिषा मॅडमचा फोन आला तेव्हा नागुबाई माळावर बाभळीच्या शेंगा पाडत होती. लांब बांबूच्या टोकाला विळा बांधलेला, मान वर करून करून पाठीचा कणा नुसता ठणकत होता. वैशाख निम्मा सरला होता. माळावर गवताची काडी उरली नव्हती. शेंग पडली की बावीस मेंढरं एकदम तिच्यावर तुटून पडायची आणि धुरळा उडायचा.

तिची लेक धम्मप्रिया फोन हातात धरूनच चढ चढून आली.

"माय, मॅडमचा हाय. रक्ताचा निकाल आलाय म्हणं."

रक्त म्हटल्यावर घरात कोण आजारी पडलं, असंच नागुबाईला आधी वाटलं. मग तिला आठवलं, रक्त माणसाचं नव्हे, मेंढरांचं. माघात मॅडमची गाडी आली होती. एकेका मेंढीची मान वर करून त्यांनी सुईनं रक्त काढलं होतं, बारक्या नळ्यांत भरलं होतं आणि कानाला पिवळा बिल्ला ठोकून वहीत नंबर लिहिला होता. सगळी वाडी बघायला जमली होती. मेंढरांना बी शुगर झाली का काय, म्हणून लोक हसले होते.

धम्मप्रियानं फोन स्पीकरवर टाकला.

"मावशी, जयभीम. बसलाय का? बसा जरा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा खुशीत नागुबाईनं कधी ऐकला नव्हता. "सहा वर्षांमागं आपल्या प्रकल्पातून तुमच्या वाडीला तो बुटका मेंढा दिला होता, आठवतोय?"

"आठवतोय की. लोकं कुत्रं म्हणायचे त्याला."

"त्याच्या रक्तात जुळ्यांची खूण होती. ती तुमच्या सहा मेंढ्यांत उतरलीय, एकेक. आईकडून एक खूण येते, बापाकडून एक. एकच आली असेल तर मेंढी कधी एक देते, कधी दोन. पण तुमची एकवीस नंबरची मेंढी आहे ना, तिच्यात दोन्ही बाजूंनी आलीय. अशी मेंढी दोन देईल, तीन देईल. आणि मुख्य म्हणजे तिच्या पोटचं प्रत्येक कोकरू ती खूण घेऊनच जन्मणार. एकही रिकामं नाही."

नागुबाईच्या हातातला बांबू खाली आला.

"दोन्ही बाजूंनी म्हंजे?"

"म्हणजे तिचा बाप तो मेंढा, आणि आईसुद्धा त्याचीच लेक असणार."

नागुबाईनं लुगड्याचा पदर तोंडाला लावला. खरंच होतं ते. कळपात मेंढा एकच. लेक-नात कोण बघणार. त्याची तिला उगाच लाज वाटली.

"पंधरा दिवसांनी वरचे साहेब येतायत," मॅडम पुढं म्हणाल्या. "अशी मेंढी ज्या घरी आहे तिथं पैदाशीच्या मेंढ्यांचं केंद्र करायचंय. खुराक, औषध, पिल्लांना दुधाची पावडर, सगळं आमच्याकडून. गावोगावचे कळपवाले तुमच्या दारात मेंढा न्यायला येतील. एकवीस नंबरला जपा मावशी. चारा कमी पडला तर बाकीच्यांचा तोडा, पण तिला द्या."

फोन बंद झाला. धम्मप्रिया आईकडं बघेना. मेंढरांकडं बघत राहिली. तिथं सगळे बिल्ले होते, एकवीस नव्हता.

"बुटकी," ती हळूच म्हणाली.

नागुबाई खाली उतरायला लागली. बांबू तिथंच राहिला.

*

बुटकीला नागुबाईच्या नवऱ्यानं, व्यंकटरावानं, शिमग्याच्या आदल्या बाजारात विकलं होतं. नागुबाई तेव्हा चार दिवस बहिणीकडं गेली होती. परतली तर वाघरीच्या, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, कोपऱ्यातली बुटकीची जागा रिकामी. दोघांत तेव्हा मोठं भांडण झालं होतं आणि विझलंही होतं, कारण व्यंकटरावाचं म्हणणं खोटं नव्हतं. बुटकी दोनदा व्याली, दोन्ही वेळा तीन-तीन. कासेत दूध मात्र एकालाच पुरेल इतकं. पहिल्या खेपेची तिन्ही आठवड्यात मेली. दुसऱ्या खेपेचं एक महिनाभर जगलं आणि श्रावणाच्या झडीत गारठून गेलं. सहा पिल्लं, आणि कळपात एकाची भर नाही. व्यंकटराव म्हणायचा, ही नुसती खाऊन माती करायलीय.

आता तो सोयाबीनच्या मिलमधल्या कामावरून आला होता. अंगावर भुसकटाची पांढरी कूस चिकटलेली. दारात तांब्या घेऊन पाय धूत असतानाच नागुबाईनं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला. पायावरचं पाणी थांबलं, तांब्या तसाच तिरपा राहिला.

"मला काय सपान पडलं व्हतं का?" तो शेवटी म्हणाला.

"मी काय म्हणले का?"

"मग तोंड कामून तसं केलीस?"

"कसं केले?"

"जे पोरगी बी करायलीय."

धम्मप्रिया चुलीपुढून उठली आणि घरात गेली. व्यंकटराव ओट्यावर बसला. अंगावरचं भुसकट झटकत त्यानं विचारलं, "कापली असंल का?"

"तुमी कुणाला दिली ते तर सांगा."

"जिलानीला. रेणापूरच्या बाजारात येतो तो. मोठ्या मिशीचा."

त्या दिवसापासून नागुबाईचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. भाकरी थापताना ती मधेच थांबायची. चूल पेटवायची आणि तव्याऐवजी हंडा चढवायची. बुटकी तिनं हातावर वाढवली होती. बुटकीची आई तिला पाजत नव्हती म्हणून नागुबाईनं शेळीचं दूध बोटानं चाटवून तिला जगवलं होतं. घरात मेंढरू म्हणून नाही, लेकरासारखं ते पायात पायात करायचं. आणि आता तिच्या डोक्यात बुटकीचा चेहरा आला की पाठोपाठ मॅडमचा आवाज यायचा, खुराक, औषध, केंद्र. यातलं कुठलं आधी येतंय ते तिचं तिलाच कळेना.

रेणापूरच्या बाजारात ती पहाटेच जाऊन बसली. मेंढरांच्या दावणी, बोकडांचे गट, ट्रकांचे भोंगे, लेंड्यांचा आणि डिझेलचा एकच वास. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवणारे दलाल. बायका दोन-चारच, त्याही शेळ्या विकायला आलेल्या. नागुबाई एकेकाला विचारत फिरली. मोठ्या मिशीचा जिलानी? कुणी म्हणालं, आज आला न्हाई. कुणी म्हणालं, त्यानं मिशी काढली. एक पागोटेवाला तिच्या हातात दोर नाही, मेंढरू नाही असं बघून म्हणाला, "बाई, घ्यायचं न्हाई, इकायचं न्हाई, मग बाजारात काय तमाशा बघायला आलीस का?" भोवतालचे हसले. ती पुढं गेली. दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा चहावाल्यानं सांगितलं, जिलानी आता मुरुडच्या बाजारात बसायलाय.

पाच दिवस मुरुडच्या बाजाराची वाट बघण्यात गेले. त्या पाच दिवसांत मॅडमचा पुन्हा फोन आला. नागुबाईनं धम्मप्रियाला खुणेनंच हो म्हणायला सांगितलं, आणि पोरीनं म्हटलं, "हो मॅडम. बरी हाय ती." फोन ठेवल्यावर ती आईकडं वळली.

"माय, हे लई वंगाळ व्हायलंय."

"ठाव हाय मला," नागुबाई म्हणाली आणि झाडू घेऊन झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागली.

मुरुडला जिलानी सापडला. मिशी होती, पण पिकलेली. पिकअपच्या फळीवर बसून तो पावात भजी दाबून खात होता. नागुबाईनं पिवळा बिल्ला, आखूड पाय, उजव्या कानाला चीर असं सांगितल्यावर त्यानं घास थांबवला.

"छोटीसी? वो तुमची व्हती का मावशी? अरे, उसने तो मुझे फसाया!"

"कापली का?" नागुबाईच्या तोंडातून एवढंच निघालं.

"कुठली कापतो. हैदराबादच्या गाडीत भरली व्हती. पंधरा-वीस रोज माझ्याकडं व्हती, तवर कळलं न्हाई. गाडीत भरताना हात लागला तर कास धरलेली. गाभण जनावर मैं कटाई को नहीं देता, अपना उसूल है. नायगावला गाडी थांबवली, तिथं एका बाईनं घेतली."

 गाभण. म्हणजे व्यंकटरावानं विकली तेव्हाच पोटात होती.

"घर दाखवता का भाऊ?"

जिलानीनं तिच्याकडं नीट पाहिलं. पायातल्या झिजलेल्या चपला, धुळीनं माखलेला घोटा. "परवा नायगावच्या बाजाराला चाललोय. पहाटे लातूरच्या नाक्यावर उभं राहा. पण मावशी, एका मेंढीपायी येवढं?"

"जीव लागलाय," नागुबाई म्हणाली. ते खरंही होतं.

*

पिकअपमध्ये ती पुढं बसली, पायांशी दोराचं भेंडोळं. मागं जिलानीची रिकामी फळी खडखडत होती. नांदेड मागं पडलं, गोदावरीचं कोरडं पात्र मागं पडलं. पुढं रस्त्याच्या कडेनं बोलण्याचा ढंग बदलत गेला. टपरीवर चहा देणारा पोरगा आत कुणाशी तरी तेलुगूत बोलला. नागुबाई सारखी पदराच्या गाठीला हात लावून बघत होती. मनात ती बोलणी जुळवत होती. काय म्हणायचं? रक्ताचं सांगितलं की समोरची बाई मेंढी सोडणार नाही, हे उघड होतं. न सांगता मागायची. लेकरासारखी वाढवली म्हणायचं. खोटं नव्हतं ते. सगळं मिळून खोटं होतं, पण एकेक शब्द खरा होता.

नायगावच्या अलीकडं एका फाट्यावर जिलानीनं तिला उतरवलं. "हा रस्ता सरळ जातो. पहिली कौलाची घरं. चांगुणा नाव तिचं. मी दुपारला इथंच गाडी लावतो."

चांगुणा अंगणातच सापडली. तिशीची, हडकुळी, डोळे जागरणानं आत गेलेले. बसून मांडीत एक कोकरू घेतलेलं, हातात दुधाची बाटली. बाटलीला लेकरांचं, चोखायचं रबरी बुच. आणि तिच्या पलीकडं, पत्र्याच्या सावलीत, बुटकी.

 बुटकी वाळली होती, बरगड्या मोजता याव्यात अशी. बिल्ला मात्र तसाच होता. तिनं मान वर केली, नाक फेंदारलं आणि मग बारीक हुंकार टाकत दाव्याला ओढ देऊ लागली. तिच्या पोटाशी दोन कोकरं ढुसण्या मारत होती. तिसरं चांगुणाच्या मांडीत. तिन्ही जिवंत.

"वळखते की ही तुमाला," चांगुणा चकित होऊन म्हणाली.

नागुबाईनं ठरवलं होतं तेच सांगितलं. बोटानं दूध चाटवलं ते. मालकानं माघारी विकलं ते. बोलता बोलता तिला खरंच रडू आलं. चांगुणा उठून आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली.

आतून बाजेवरून म्हातारीचा आवाज आला. चांगुणाची सासू, तुळजाबाई. "कोन आलंय? आडनाव काय बाई तुमचं?"

"वाघमारे. रेणापूरकडलं."

"वाघमारे म्हंजे?"

"जयभीमवाले हाव."

"बरं बरं," तुळजाबाई म्हणाली. "चांगुणे, त्यो पेला तिथंच ओट्यावर पालथा ठिव. आत आणू नकोस."

चांगुणाचा चेहरा उतरला. नागुबाईनं पाणी सावकाश प्यायलं, पेला स्वतःच पालथा घातला आणि पदरानं तोंड पुसलं. आतापर्यंत तिच्या मनात कुठं तरी टोचत होतं ते त्या घडीला बंद झालं. कशाला सांगायचं यांना? ज्यांना आपला पेला चालत नाही त्यांना आपल्या मेंढीची खूण कळायची काय गरज?

"इकता का मेंढी?" तिनं सरळ विचारलं.

 कोकराच्या ओठावरचा दुधाचा फेस चांगुणानं अंगठ्यानं पुसला. "खरं सांगू मावशी? मी थकून गेलेय. हिला दूध न्हाई. बारा रोज झाले, दर दोन तासाला उठायलेय मी. शेळीचं दूध, त्यात पानी, कोमट करायचं, एकेकाला पाजायचं. आत्याबाई रोज म्हणत्यात, हे काय आवदसा आणलीस, इकून टाक. घरात पुरुष मानूस न्हाई. किती दिस करू?" ती थांबली. "पन सोडवत बी न्हाई. तिन्ही जगवली मी."

नागुबाईला आपली सहा आठवली. तिनं कधी दोन तासाला उठून पाजलं नव्हतं. दिवसभराच्या मजुरीनंतर अंग टाकलं की सकाळच व्हायची, आणि सकाळी एखादं ताठलेलं असायचं.

"तुमी लेकरावानी वाढवलीय म्हणता तर न्या," चांगुणा म्हणाली. "मी घेतली तेवढंच द्या. पिल्लं बी न्या, आईबिगर कुठं ठिवू त्यांला."

एवढं सोपं होईल असं नागुबाईला वाटलं नव्हतं. तिनं गाठ सोडली. पैसे दिले, चांगुणानं न मोजता चोळीत घातले. बुटकीच्या गळ्यात नवा दोर पडला. तिसरं कोकरू नागुबाईनं पदरात घेतलं, बाकीची दोन आईमागं तुरुतुरु निघाली. चांगुणा ओट्याच्या खांबाला धरून उभी होती.

फाटा अर्ध्या कोसावर. ऊन चढलं होतं. नागुबाई भराभर चालत होती, मेंढीला ओढत होती, कोकरांच्या पायांचा विचार न करता. लवकर फाटा गाठावा, गाडी यावी, तिचा मागचा पत्रा बंद व्हावा.  पदरातलं कोकरू अगदी हलकं, मान लोंबकळत. चालता चालता तिला वाटलं, आपण चोरीच करून पळायलो का काय. मग म्हणाली, चोरी कसली, पैसे दिले. मग पुन्हा पालथा पेला आठवायची आणि पाय उचलायची.

"मावशी! ओ मावशी!"

तिनं मागं बघितलं नाही. वाटलं, कळलं हिला. कुणी तरी सांगितलं.

चांगुणा धापा टाकत आली. पायात चप्पल नव्हती, तापलेल्या रस्त्यावर ती एकेक पाय उचलत उभी राहिली. तिच्या हातात बाटली होती, रबरी बुच लावलेली, आणि गाठोड्यात दुसरी, दुधानं भरलेली.

"हे ऱ्हायलं. बारक्याला आईची कास धरता येत न्हाई. याच्यानंच पितो. बुच नवं हाय, दुसरं मिळंना तुमच्याकडं तर?" तिनं श्वास घेतला. "एका बारीला चार घोट. जास्ती पाजलं की पोट फुगतं. अन कालपासनं धड मुतला न्हाई त्यो, त्याच्याकडं ध्यान द्या." मग जरा थांबून, खाली बघत म्हणाली, "आत्याबाईंचं मनावर घेऊ नका. मला लाज वाटली."

नागुबाईनं बाटली घेतली. ती कोमट होती.

पुढं पाऊल टाकायला गेली आणि पाऊल पडेना. तिला वाटलं, ऊन लागलं. बाभळीच्या विरळ सावलीत ती बसली. चांगुणा घाबरून जवळ आली. "काय झालं मावशी?"

"बस," नागुबाई म्हणाली. "मी तुला सगळं खरं सांगितलं न्हाई."

आणि तिनं सांगितलं. माघातलं रक्त, बुटका मेंढा, सहा जणींत एकेक आणि हिच्यात दोन्ही. तीन-तीन पिल्लं ही खोट नव्हे, गुण आहे, हे. हिच्या पोटचं एकही कोकरू रिकामं जायचं नाही, हे. केंद्राचं, साहेबांचं, उरलेल्या चार दिवसांचं. काही राखून ठेवलं नाही. बोलताना ती चांगुणाकडं बघत नव्हती, बुटकीच्या खुरांकडं बघत होती.

चांगुणा ऐकत राहिली. तिला समजायला वेळ लागला, एकदा तिनं मधेच विचारलं, "म्हंजे ही रोगी न्हाई?" आणि मेंढीच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

"मघाशी का न्हाई बोललात?"

"सोडायचा जीव व्हईना."

"अन आता?"

"आता चालवंना," नागुबाई म्हणाली.

चांगुणानं तिच्या हातातला दोर काढून घेतला. घाईनं नाही, पण पक्का. चोळीतले पैसे काढून नागुबाईच्या पुढ्यात ठेवले. ओठ घट्ट मिटलेले. "बारा रोज," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "बारा रोज मी म्हणायलेय माझ्याच नशिबाला ही आली." ती उठली, मेंढी वळवली आणि चालू लागली. दोन कोकरं मागं धावली. तिसरं नागुबाईच्या पदरातच होतं. नागुबाईनं ते खाली ठेवायला हात घातला.

दहा-बारा पावलांवर चांगुणा थांबली. परत फिरली.

"सगळ्याच पिल्लांत हाय म्हणलात?"

"सगळ्याच. मॅडम म्हणाल्या."

चांगुणानं पदरातल्या कोकराची मान उचलून बघितली. "ह्यो मेंढा हाय. बाकीच्या दोघी माद्या." ती दोर हातात पिळत राहिली. "धडधाकट हायत त्या मी ठिवते. ह्यो तुमी न्या. जगला तर तुमचा, मेला तर माझ्या नावानं बोलू नका. तुमी खोटं बोललात मावशी, म्हणून चांगलं देत न्हाई."

"बरं," नागुबाई म्हणाली.

"मॅडमचा नंबर द्या."

नागुबाईनं चोळीतला कागद काढला. चांगुणानं एकेक आकडा मोबाइलवर दाबला, मग कागद परत दिला. जाताना तिनं मागं वळून सांगितलं, "चार घोट. ध्यानात ठिवा."

*

जिलानीनं फाट्यावर गाडी थांबवली आणि तिच्या पदरात बघून कपाळाला हात लावला. "मेंढी कुठंय?"

"ठिवली."

"अन हे?"

"दिलं."

त्यानं गाडीचं दार उघडलं. त्याच्या फोनवरून नागुबाईनं मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं, पोरीकडून वदवलेलं खोटंसुद्धा. 

"मावशी, केंद्राचं आता मी काही सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कागदावर मेंढी दाखवावी लागते. साहेब नायगावला जातील, की कुठंच जाणार नाहीत, मला माहीत नाही." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "कोकरू नर आहे ना? तुमच्याकडं सहा मेंढ्या आहेत खुणेच्या. हा मेंढा मोठा झाला आणि त्यांच्यावर लागला, तर त्यांच्या पिल्लांत चारात एक तशीच निघू शकते. दोन वर्षं लागतील. आधी तो जगला पाहिजे."

"जी," नागुबाई म्हणाली.

नांदेड यायच्या आधी तिनं एकदा पाजलं, चार घोट मोजून. कंधारच्या वळणावर पुन्हा. बुचाभोवती ओठ नीट धरत नव्हते, दूध गालावरून गळून मानेच्या लोकरीत जात होतं. ती बोटानं जबडा दाबून धरायची, कोकरू डोळे मिटून घ्यायचं. जिलानीनं गाडी हळू चालवायला सुरुवात केली. लोह्याच्या पुढं कधी तरी नागुबाईच्या मांडीवर एकदम ऊब पसरली. लुगडं भिजलं, धार सीटवरून खाली गेली.

"अगं माय," ती म्हणाली.

"अरे मेरी सीट!" जिलानी ओरडला, आणि मग तिच्या तोंडाकडं बघून हसायला लागला. नागुबाईही हसली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. ओलं लुगडं तिनं हलवलं नाही.

दिवस मावळतीला टेकला तेव्हा गाडी वाडीच्या फाट्यावर पोचली. व्यंकटराव मिलमधून सुटी काढून येऊन बसला होता. शेजारी कडब्याची पेंडी, कुठून तरी मागून आणलेली. गाडी थांबल्याबरोबर तो उठून मागच्या फळीकडं गेला, आत वाकून बघितलं. परत आला.

"मेंढी?"

"जिची तिच्याकडं."

त्यानं पदरात बघितलं. "ह्ये काय आणलीस?"

"तिचा मेंढा."

जिलानीची गाडी गेली. व्यंकटराव पेंडीकडं, मग बायकोच्या भिजलेल्या लुगड्याकडं बघत उभा राहिला. "सांगून टाकलीस तिला. सगळं." तो प्रश्न नव्हता.

"हाव."

"खोटं बोलायला येईना का तुला?"

"आलं की," नागुबाई म्हणाली. "अर्धा कोस आलं."

 व्यंकटरावाला राग यायला हवा होता, पण तो शिमग्याच्या बाजाराजवळच कुठं तरी अडकला असावा. तो खाली बसला. तिनं कोकरू त्याच्या हातात दिलं. गिरणीच्या पोत्यांनी घट्टे पडलेले त्याचे हात त्या एवढ्याशा मानेखाली कसे धरावेत ते त्याला कळेना.

"मान सांभाळून."

"हं."

"ही बाटली धरा. चार घोट, जास्ती न्हाई. दोन तासांनी परत." नागुबाईनं पदर पिळला आणि कडब्याची पेंडी डोक्यावर घेतली. "पहिली पाळी तुमची."

तो फाट्याच्या दगडावर बसून बाटली तिरपी करत होता. कोकरानं बुच पकडलं, सोडलं, पुन्हा पकडलं. "एक," व्यंकटराव म्हणाला.